घर भाड्याने देताना आणि घेताना: नागपूरच्या आमच्या ग्राहकांसाठी माहिती

“करार अकरा महिन्यांचाच आहे, मग नोंदणी कशाला?” हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षभराच्या आतल्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही. अकरा महिन्यांचा रिवाज त्यातून पडला. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे, आणि त्याचं कलम 55 सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही.

ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरं नुकसान वेगळंच आहे. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. बारा हजार किराया ठरला होता आणि तो आठ हजार म्हणाला, तर बारा हजार सिद्ध करायचं ओझं मालकावर.

महाल, इतवारीतल्या जुन्या घरमालकांच्या मनात अजून एक धास्ती आहे: भाडेकरू एकदा बसला की उठत नाही. ती उगाच आलेली नाही. विदर्भात पूर्वी 1949 चा सीपी अँड बेरारचा (म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा) भाडे नियंत्रण आदेश होता. त्यात भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायलाही आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आला आणि तो आदेश गेला. आता राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची नुसती परवानगी) केला असेल आणि मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम 24 नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारात ठरलेल्या रकमेच्या दुप्पट शुल्क द्यावं लागतं. मात्र स्वतःच कुलूप ठोकणं, सामान बाहेर काढणं हे कोणत्याही मालकाने करू नये.

आता भाडेकरूंसाठी, आणि हे नीट वाचा. भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स हे दोन वेगळे करार आहेत. भाडेकराराला कायद्याचं मोठं संरक्षण आहे: भाडं थकलं तरी लेखी नोटिशीनंतर 90 दिवस उलटल्याशिवाय त्या कारणाने दावा नाही, वाढ वर्षाला 4 टक्के, भाड्याची पावती सक्तीची, आणि पाणी किंवा वीज तोडणं हा गुन्हा. लायसन्सवर राहणाऱ्याला यातलं बरंचसं आपोआप मिळत नाही. तुमचा आधार म्हणजे करारात लिहिलेल्या ओळी. म्हणून सही करण्याआधी कराराचं नाव बघा.

अनामत रकमेवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. “दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही” असे मेसेज फिरतात. ती तरतूद केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यातली आहे. तो नमुना आहे. महाराष्ट्राने तो लागू केलेला नाही. इथे रक्कम दोघांनी ठरवायची. ती किती दिवसांत परत द्यायची आणि कशाकशासाठी कापायची, हे आम्ही करारात लिहूनच घेतो. चेक किंवा यूपीआयनेच द्या.

आणि कूलर! नागपूरच्या उन्हाळ्यात घरातलं अर्धं बिल त्याचंच. सबमीटर असेल तर युनिटचा दर, कूलरला पाणी कुठून, खिडकीची जाळी कापली तर खर्च कोणाचा, हे मे महिन्यात भांडण्यापेक्षा आधी लिहा. घरात येताना महावितरणच्या मीटरवर जे वाचन असेल, त्याचा दोघांनी फोटो काढून ठेवा.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं टाळू नका. त्याबाबत पोलिसांचे आदेश निघतात आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मिहान, हिंगणा एमआयडीसीत नोकरीला आलेल्या मुलामुलींनीही मालकाने ओळखपत्र मागितलं तर वाईट वाटून घेऊ नये.

खर्च लोकांना वाटतो तितका नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. बारा हजार भाडं, तीस हजार अनामत, अकरा महिने, तर तीन-चारशे रुपयांत भागतं. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. आमचं शुल्क वेगळं, ते आधी सांगतो. खर्च कोणी भरायचा हेही दोघांनी आधी ठरवा. करारात काहीच लिहिलं नसेल तर पुढे बोलाचाली होते.

लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते, निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. अंगठ्याचं मशीन घेऊन आम्ही घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचं आधार, दोन्ही पक्षांचं पॅन, आणि घराची टॅक्स पावती किंवा लाइट बिल तयार ठेवा. आजी-आजोबांच्या बोटांचे ठसे मशीन कधीकधी घेत नाही. तसं असेल तर फोन करतानाच सांगा, म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी जास्त वेळ राखून ठेवतो.