वजन वाढते, फुफ्फुस नाही

उंची १७० सेंटिमीटर, वजन १४० किलो. असा पुरुष रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर आला, तर व्हेंटिलेटरने त्याला एका श्वासात किती हवा द्यायची? किलोमागे १० मिलिलिटर हा जुना हिशेब लावला, तर १४०० मिलिलिटर होतात. पण त्याची फुफ्फुसे १४० किलोची नाहीत. फुफ्फुसाचा आकार ठरतो तो उंचीवर, आणि या उंचीच्या पुरुषाचे हिशेबात धरायचे वजन येते साधारण ६६ किलो. आज ६ ते ८ मिलिलिटर हे प्रमाण या ६६ ला लावतात, म्हणजे जेमतेम ४०० ते ५३० मिलिलिटर. एवढी साधी वाटणारी दुरुस्ती रुळायला अनेक दशके लागली.

१८४६ मध्ये बोस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. भुलीतही रुग्ण आपला श्वास आपणच घेत असे. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भूल देताना क्युरारे हे स्नायू ढिले करणारे औषध वापरले. स्नायू ढिले पडल्याने सर्जनचे काम सोपे झाले, पण श्वासाचे स्नायूही त्यातच आले. तेव्हापासून रुग्णाचा श्वास हळूहळू भूलतज्ज्ञाच्या हाती गेला. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून पिशवीने हवा द्यायला लावली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून त्या पिशव्या दाबत बसले. बाहेरून दाब देऊन माणूस दिवसचे दिवस जगवता येतो, हे तिथे दिसले.

मग एक कोडे पुढे आले. व्हेंटिलेटर नीट चालू असतानाही रक्तातला ऑक्सिजन कमी का होतो? १९६३ मध्ये बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी मांडले की एकसारख्या उथळ श्वासांमुळे वायुकोश, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, मिटत जातात आणि मोठे श्वास दिले की ते उघडतात. यातून किलोमागे १० ते १५ मिलिलिटरची सवय रुळली. पुरावा त्या काळासाठी चांगलाच होता. पुढे गोंधळ झाला तो ‘किलो’ म्हणजे कुणाचे किलो, यावर.

कोड्याचे चित्र मिळाले १९८५ च्या सुमारास. स्वीडनमध्ये हेडेनस्टिएर्ना यांच्या गटाने भूल दिलेल्यांचे सीटी स्कॅन काढले. काही मिनिटांतच फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग मिटलेला दिसला, निरोगी माणसांतही. स्थूल रुग्णात हे जास्त होते. उताणे झोपवले की पोटाचा भार श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलतो, आणि श्वास सोडल्यावर फुफ्फुसात उरणारी हवा घटते. भुलीनंतर ती साधारण निम्म्यावर येते, असे १९८८ च्या एका इटालियन अभ्यासात आढळले.

ही उरलेली हवा म्हणजेच ऑक्सिजनची शिल्लक. १९९१ च्या एका मापनात, आधी शुद्ध ऑक्सिजन देऊन श्वास थांबवल्यावर, ऑक्सिजन ९० टक्क्यांवर यायला सामान्य वजनाच्या रुग्णांना सरासरी ३६४ सेकंद लागले, अतिस्थूलांना १६३. नळी घालणाऱ्याच्या हातात पावणेतीन मिनिटेही नाहीत! म्हणून पाठीखाली उशा-चादरींची उतरंड रचून कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडावरची खाच एका रेषेत आणतात. या सगळ्या इतिहासात सगळ्यांत स्वस्त आणि मला सगळ्यांत पटणारा उपाय हाच.

मोठ्या श्वासांना पहिला जबर धक्का बसला तो अतिदक्षता विभागातून. २००० साली अमेरिकेतील एआरडीएसच्या (फुफ्फुसे अचानक सुजून निकामी होण्याच्या आजाराच्या) चाचणीत किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० वरून ३१ टक्क्यांवर आले, आणि मात्रा उंचीवरून काढलेल्या वजनाला लावली होती. फुगवण्यानेही फुफ्फुसाला इजा होते, हे भूलतज्ज्ञांनी तिथून उचलले.

पण लहान श्वासाने वायुकोश मिटणार, मग उघडे ठेवायचे कसे? उत्तर होते पीप : श्वास सोडून झाल्यावरही फुफ्फुसात राखलेला थोडा दाब. किती, यावर मात्र वाद. २०१९ मध्ये प्रोबीज या चाचणीत ३५ किंवा अधिक बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) सुमारे २००० रुग्णांत पाण्याच्या ४ सेंटिमीटर दाबाची तुलना १२ शी केली. १२ च्या गटात मधूनमधून जास्त दाब देऊन मिटलेला भागही उघडत होते. ऑपरेशन चालू असताना १२ वाल्यांचा ऑक्सिजन चांगला राहिला, रक्तदाब मात्र जास्त वेळा घसरला. आणि नंतरच्या फुफ्फुसाच्या तक्रारी? १२ च्या गटात २१.३, ४ च्या गटात २३.६ टक्के, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही.

अनेकांचा हिरमोड झाला. दोष एकाच आकड्याचा, दाब प्रत्येकाच्या छातीप्रमाणे ठरवा, असे आता काही गट म्हणतात आणि त्यासाठी छातीभोवती पट्टा बांधून विद्युत रोधावरून हवा कुठे जाते ते पाहतात. अडचण अशी की हा सगळा दाब नळी आत असेपर्यंतच. ती काढली की पोटाचा भार पुन्हा श्वासपटलावर येतो, आणि अतिस्थूल रुग्णांत मिटलेला भाग २४ तासांनंतरही तसाच असल्याचे २००२ मध्येच दिसले होते.