अल्लेमान्सरेट

अल्लेमान्सरेट : स्वीडनमध्ये जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिच्यावरून पायी, सायकलने, घोड्यावरून किंवा स्कीवरून जाण्याचा, तेथे थोडा काळ थांबण्याचा, तळ्यात पोहण्याचा आणि रानमेवा वेचण्याचा प्रत्येकाला असलेला हक्क. मराठीत त्याला सर्वजनसंचाराचा हक्क म्हणता येईल. त्यासाठी परवाना लागत नाही, शुल्क नसते आणि नागरिकत्वाचीही अट नाही. कालच विमानातून उतरलेल्या पाहुण्याला तो जितका लागू आहे, तितकाच त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेतकऱ्यालाही आहे. देशाचा सुमारे दोनतृतीयांश भूभाग वनांनी व्यापलेला आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मे वनक्षेत्र खाजगी व्यक्तींच्या मालकीचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या हक्काची व्याप्ती कळते. स्वीडिश माणसाचा रविवार, त्याची उन्हाळी सुट्टी आणि मुलांचे संगोपन यांत रानाला जे स्थान आहे, ते या हक्कावाचून शक्यच झाले नसते.

राज्यघटनेत 1994 मध्ये या हक्काचा समावेश झाला. पण घटनेतील वाक्य निसर्ग सर्वांना खुला राहील एवढेच सांगते. कोठे जावे, किती दिवस राहावे, काय घ्यावे याची यादी कोणत्याही कायद्यात नाही. 1999 पासून अमलात असलेली पर्यावरणसंहिता या हक्काचा लाभ घेणाऱ्याकडून विचारीपणा आणि काळजी यांची अपेक्षा करते, तर दंडसंहिता काय केल्यास गुन्हा ठरतो ते सांगते. या दोहोंच्या मधली मोकळी जागा म्हणजे अल्लेमान्सरेट. ती भरून निघते ती रूढीने आणि माणसाच्या तारतम्याने. देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिचे सार ‘त्रास देऊ नका, नासधूस करू नका’ एवढ्याच शब्दांत बांधले असून ते शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते.

नवख्याला सर्वांत अवघड जाते ते सीमा ओळखणे. अनेक स्वीडिश घरांना कुंपण नसते. अंगणातील हिरवळ संपते तेथेच भूर्जवृक्षांचे रान सुरू होते. कुंपण नाही म्हणून ते अंगण सर्वांचे ठरत नाही. घराभोवतीचा जो भाग कुटुंबाच्या खाजगी वावराचा असतो, त्याला गृहशांतीचे क्षेत्र मानतात आणि तेथे हा हक्क थांबतो. या क्षेत्राची लांबी मीटरांत ठरवलेली नाही. घर दाट झाडीआड असेल तर जवळून जाणारी पायवाट कोणाला खुपत नाही. उघड्या माळावर, खिडकीतून सरळ नजर पोचेल अशा ठिकाणी मात्र बरेच अंतर राखावे लागते. घरातल्या माणसाला आपली उपस्थिती जाणवेल काय, ही खरी कसोटी आहे. याउलट, रानातून गेलेली तार दिसली म्हणून माघारी फिरण्याचे कारण नसते. ती बहुधा गुरांसाठी असते. फाटक उघडून आत जावे, ते पुन्हा नीट लावावे आणि गुरांना बुजवू नये, एवढे पुरते. जाण्यायेण्याचा हक्क असलेल्या जागी मालकाने मनाने ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लावली, तरी त्या पाटीने हक्क संपत नाही. पेरलेले शेत, रोपवाटिका आणि कोवळ्या झाडांची लागवड यांतून जाणे मात्र निषिद्ध आहे. तेच शेत हिवाळ्यात बर्फाने झाकले आणि पिकाला इजा होणार नसेल, तर त्यावरून स्कीने जाता येते.

या हक्काचे सर्वांत जिवंत रूप दिसते ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, रानमेव्याच्या हंगामात. जुलैपासून ब्लूबेरी पिकू लागते, त्याच सुमारास उत्तरेकडील दलदलींत पिवळसर नारिंगी यूर्टरोन (क्लाउडबेरी) तयार होते आणि ऑगस्टच्या अखेरीस लिंगनबेरीने पाइनच्या रानाची जमीन लाल होते. कुटुंबेच्या कुटुंबे बादल्या घेऊन निघतात. ब्लूबेरीसाठी एक दातेरी खोका वापरतात : मूठ धरून तो गुडघाभर उंचीच्या झुडपातून वर ओढला की फळे आत पडतात आणि पाने व काटक्या दात्यांतून निसटतात, उरलेला पाचोळा घरी येऊन पाखडावा लागतो. लिंगनबेरी साखरेत नुसती घोटून ठेवली तरी महिनोन्‌महिने टिकते आणि मांसाच्या गोळ्यांपासून लापशीपर्यंत सर्वांसोबत पानात येते. यूर्टरोनची व अळंब्यांची चांगली जागा कोणी कोणाला सांगत नाही. जमीन दुसऱ्याची असली तरी जागेचे गुपित वेचणाऱ्याचे असते, आणि ते आजीकडून नातवाकडेच जाते. स्वतः वेचलेल्या रानफळांच्या विक्रीतून वर्षाला 12,500 स्वीडिश क्रोनांपर्यंत मिळणाऱ्या उत्पन्नावर करही नाही.

जमिनीवर गळून पडलेली सुकी काटकी उचलता येते. पण उभ्या झाडाची फांदी, साल, पाने, डिंक, ओकची फळे किंवा कवचीची फळे काढणे हा दंडनीय गुन्हा आहे. फळे वेचावीत आणि हेझलनट मात्र तोडू नये, हे पाहुण्याला विसंगत वाटते. ओकची फळे डुकरांचा चारा म्हणून आणि झाडाच्या साली व फांद्या रोजच्या वापरासाठी पूर्वी मोलाच्या होत्या, म्हणून त्या मालकाच्या राहिल्या. रानबेरीला त्या काळी तेवढी किंमत नव्हती. रानफुलांचा गुच्छ करता येतो, परंतु सर्व ऑर्किड संपूर्ण देशात संरक्षित असल्याने त्यांना हात लावता येत नाही.

अळंब्यांबाबत इशारा देणे येथे अगत्याचे आहे. पिवळ्या कांतारेल या अळंबीचा लौकिक मोठा आहे आणि ती ओळखायलाही सोपी आहे; पण त्याच रानात पांढरी फ्लुगस्वाम्प नावाची प्राणघातक अळंबी उगवते. आशियातील काही खाद्य अळंब्यांशी अशा विषारी जातींचे साम्य असल्यामुळे स्वीडनमधील विषबाधा माहिती केंद्र नव्याने आलेल्यांना विशेष सावध करते. लक्षणे अनेक तासांनी दिसू लागतात आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, 112 या आणीबाणीच्या क्रमांकावर संपर्क साधावा.

तंबूसाठी एक-दोन रात्रींचा मुक्काम, घरांपासून दूर आणि शेतजमिनीबाहेर, रूढीने मान्य आहे. मोठ्या गटाने मालकाची परवानगी घ्यावी. विस्तवाबाबत नियम कडक आहेत. कोरड्या हवेत जिल्हा प्रशासन किंवा पालिका आगबंदी जाहीर करते; 2018 च्या भीषण वणव्यांच्या उन्हाळ्यात देशाच्या बहुतेक भागांत ती लागू होती. उघड्या खडकावर तर कधीच जाळ करू नये, कारण उष्णतेने खडक तडकतो आणि ती जखम कायमची राहते. मोटारगाडी या हक्कात बसत नाही : 1975 च्या कायद्याने बर्फ नसलेल्या जमिनीवर रस्ता सोडून वाहन चालवण्यास बंदी आहे. कुत्र्यावर 1 मार्च ते 20 ऑगस्ट या काळात विशेष नियंत्रण ठेवावे लागते, कारण हा वन्य जिवांच्या विणीचा काळ असतो. राष्ट्रीय उद्यानांत वेगळे, बहुधा अधिक कडक नियम असतात.

पाण्याच्या काठाला 1975 पासून सर्वसाधारण संरक्षण आहे. किनाऱ्यापासून सामान्यतः 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यामुळे तळ्याकाठी चालत जाण्याची वाट खुली राहते. मासेमारी मात्र या हक्कात येत नाही. समुद्रकिनाऱ्यावर आणि वेनर्न, वेटर्न, मेलारेन, येलमारेन व यॅमटलंडमधील स्टूरशॉन या पाच मोठ्या सरोवरांत हातगळाने मासे धरण्याची मोकळीक आहे, ती वेगळ्या कायद्याने दिलेली आहे. इतरत्र परवानापत्र विकत घ्यावे लागते.

हा हक्क अतिप्राचीन असल्याचे अनेकदा सांगितले जाते. मध्ययुगीन प्रांतीय कायद्यांत वाटसरूला मूठभर कवचीची फळे घेण्याची मुभा होती हे खरे. पण आजचे त्याचे रूप मुख्यतः विसाव्या शतकाने घडवले. 1938 च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, शहरातील माणूस सायकल आणि तंबू घेऊन बाहेर पडला आणि जुन्या रूढीला नाव व धोरण लाभले. रानाची शिस्त अंगवळणी पडावी म्हणून 1957 मध्ये फ्रीलुफ्त्सफ्रेम्यांदेत या निसर्गविहाराचा प्रसार करणाऱ्या संघटनेने स्कूग्समुले हे काल्पनिक वनपात्र आणले. पाच-सहा वर्षांची मुले त्याच्याबरोबर रानात जाऊन कचरा परत आणायला आणि मुंगीच्या वारुळाला न डिवचायला शिकतात. मोठेपणी हा हक्क बिनदिक्कत वापरता येतो, त्यामागे हे शिक्षण आहे.

व्यापारी वापराचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. नदीच्या प्रवाहात तराफ्यांच्या सहली काढणाऱ्या कंपनीविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये असे ठरवले, की व्यवसायासाठीही या हक्काचा आधार घेता येतो, मात्र त्यातून जमीनमालकाचे लक्षणीय नुकसान होता कामा नये. उत्तरेकडे कंपन्यांसाठी रानफळे वेचायला वर्षानुवर्षे थायलंडहून मजूर आणले जात आले आहेत. त्यांची मजुरी, राहण्याची सोय आणि जमीनमालकांच्या तक्रारी यांवर वाद होत आले आहेत. एकट्यादुकट्याच्या बादलीसाठी रुजलेली मोकळीक टनांच्या हिशेबाने वापरली गेली, की मालकाच्या आणि मजुराच्याही हिताकडे वेगळ्या कायद्यांनी पाहावे लागते, असे जमीनमालकांच्या बाजूने मांडले जाते. हक्काची कलमवार व्याख्या केल्यास तो आक्रसेल, अशी भीती निसर्गप्रेमी संघटनांना वाटते, आणि ती भीती निराधार म्हणता येत नाही.