न हलण्याची ताकद: मुद्गल, पोफळ आणि आपली कंबर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात सावईवेरें, केरी भागातल्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, सुपारी पाडणारा गडी प्रत्येक पोफळीवरून खाली उतरत बसत नाही. शेंड्याजवळ पोचला की तो अंगाच्या हेलकाव्याने पोफळ झुलवतो, झोका पुरेसा मोठा झाला की हात लांबवून शेजारची पोफळ धरतो आणि तिच्यावर जातो. पर्यटक टाळ्या वाजवतात त्या धाडसाला. खरी करामत मात्र मधल्या क्षणाची. पाय अजून एका झाडाला आवळलेले, हात दुसऱ्या झाडावर आणि मधे अधांतरी धड. त्या घटकेला धड ढिलं पडलं तर दंडात कितीही जोर असो, तो पायांपर्यंत पोचतच नाही.

जिममध्ये ज्याला कोअर म्हणतात ते हेच धड. बहुतेकांना कोअर म्हटलं की सिक्स पॅक आठवतो, पण तो यातला सर्वांत दिखाऊ आणि वरवरचा भाग. त्याच्या कडेला तिरके स्नायू असतात. त्यांच्या आत, शेल्यासारखा कमरेभोवती गुंडाळलेला, ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस हा आडवा स्नायू. पाठीमागे मणक्यांना बिलगून असलेले मल्टिफिडस, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. या सगळ्यांनी मिळून पोटाची पोकळी आवळली की आतला दाब वाढतो आणि कण्याला चहूबाजूंनी आधार मिळतो.

हा आधार किती लागतो? स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडं आणि अस्थिबंध असलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत वरून दाबला, तर साधारण 90 न्यूटन, म्हणजे जेमतेम 9 किलो भाराला तो वाकून कोलमडतो. 60 किलोच्या माणसाच्या कमरेवर डोकं, हात आणि धड मिळून 30 किलोंहून जास्त भार नुसता उभं राहतानाच असतो. म्हणजे आपण ताठ उभे असतो ते हाडांच्या जिवावर नव्हे. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी 1992 मध्ये याची मांडणी केली. कण्याचं स्थैर्य हाडं-अस्थिबंध, स्नायू आणि त्यांना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था या तिघांवर उभं असतं, आणि एक कमी पडला की इतरांवर ताण येतो.

वेळेवर या शब्दाला इथे फार महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना फक्त हात झटकन उचलायला सांगितलं होतं. निरोगी माणसांत पोटातला तो आडवा स्नायू खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळला गेला. हात हलायच्या आत कंबर तयार! जुनी कंबरदुखी असलेल्यांत मात्र त्याला उशीर झाला. हा उशीर दुखण्याचं कारण की परिणाम, यावर पुढे बराच वाद झाला. पण एक गोष्ट स्पष्ट झाली, की कोअरचं मुख्य काम वाकणं नसून हातपाय हलत असताना धडाला हलू न देणं हे आहे.

मग जमिनीवर पडून शेकडो सिट-अप्स कशासाठी? कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचं सिट-अप्सशी वाकडं आहे. त्यांचा भर साइड प्लँकसारख्या (एका कुशीवर, कोपरावर अंग तोलून धरणं), धड स्थिर ठेवून टिकाव वाढवणाऱ्या व्यायामांवर. मला ते पटतं, आणि पटण्याचं कारण साधं गणित आहे. 10 लिटर पाण्याची बादली एका हाताने उचला. ती कण्यापासून साधारण 30 सेंटीमीटर दूर लटकते. विरुद्ध बाजूच्या स्नायूंना मात्र तोल सावरायला सात-आठ सेंटीमीटरचीच तरफ मिळते. त्यामुळे 10 किलोंच्या बादलीला त्यांना 40 किलोंएवढा जोर लावावा लागतो. हेच पाणी दोन्ही हातांत विभागलं की ओढ दोन्हीकडे सारखी होते आणि कडेच्या स्नायूंना फारसं काम उरत नाही.

आखाड्यातला मुद्गल, म्हणजे मुठीकडे बारीक आणि टोकाकडे जाड असलेला लाकडी दंड, भार दूर ठेवण्याचं हेच तत्त्व वापरतो. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, मुद्गलाचं सगळं वजन मुठीपासून लांब, टोकाकडे. पाय खांद्याइतके फाकवून मुद्गल छातीसमोर उभा धरायचा, कोपर अंगालगत. तो खांद्यावरून मागे सोडला की जाड टोक खाली करून पाठीमागे लटकतो आणि कंबर मागच्या बाजूला कमान होऊ पाहते. तिथे पोटाने अडवायचं. मग तो दुसऱ्या खांद्याकडे वळतो तेव्हा धड कडेला झुकू पाहतं. समोर आणून थांबवताना ते गरकन फिरू पाहतं. एका फेरीत तीन दिशांची ओढ आणि तिन्हींना नकार. गदेत हे आणखी वाढतं. 5 किलोंची गदा, तिचं वजन मुठीपासून 80 सेंटीमीटरवर राहील अशी, आडवी धरली की मनगटावर सुमारे 39 न्यूटन-मीटरचा पीळ येतो, तेवढ्याच वजनाच्या डंबेलचा जवळजवळ शून्य.

इंग्रज लष्करातल्यांनी हा मुद्गल इथे पाहिला आणि हलका करून 19 व्या शतकात युरोप-अमेरिकेत नेला. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये तो फिरवण्याची स्पर्धाही होती. आता तोच स्टील क्लब म्हणून चकचकीत होऊन परत आलाय, किंमतही तशीच चकचकीत.

गोव्याला या बाबतीत कुणाकडून उसनं घ्यायची गरज नाही. फुगडीत हात गुंफून मागे रेललेल्या दोघी जणी वेगाने फिरतात तेव्हा बाहेर फेकू पाहणारी ओढ धडानेच झेलायची असते. धड ढिलं सोडलं की फुगडी मोडते. डिचोली-सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणी नाचणारे कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन पावलं टाकतात. भार कमरेवर, ताल पायांत. किनाऱ्यावर रापण ओढणारे तर दोरावर अंगाचा भार टाकून मागे रेलतात आणि पाय वाळूत रुतवून जाळं किनाऱ्याला आणतात. मल्लखांबात तर कुळागरातला तो अधांतरी क्षणच स्पर्धेचा विषय होतो. गोव्यात 2023 मध्ये झालेल्या 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांबही होता.

तरीही कष्टाला व्यायाम म्हणायचा मोह आवरलेला बरा. रापणकाराची किंवा पाडेल्याची (झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणाऱ्याची) कंबर दुखत नाही, असं कुणी सांगू नये. व्यायामात भार आपण ठरवतो आणि दमलो की थांबतो. दोर ओढणाऱ्याला ती मुभा नसते. कंबरदुखीबाबत आणखी एक सांगायला हवं. कोअरचे खास व्यायाम दीर्घकाळात इतर नियमित व्यायामांपेक्षा सरस ठरतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. चालणं, पोहणं, जोर-बैठका, जे टिकेल ते करावं. मुद्गलाचा फायदा असा की तो कंटाळवाणा नाही.

सुरुवात एक-दोन किलोंनी करावी. लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत कोरडी वाळू गच्च भरली तर ती दीड किलोंच्या आसपास भरते, आणि बाटलीचा गळा मुठीत चांगला बसतो. झाकण घट्ट लावा आणि ज्या खोलीत टीव्ही आहे तिथे फिरवू नका. आधी एका हाताने सावकाश, नंतर हात बदलून तितक्याच फेऱ्या. मुद्गल मागे जाताना बरगड्या पुढे उचलल्या जात असतील, तर वजन पोटाऐवजी कंबर झेलते आहे. वजन कमी करा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात वर जातो, म्हणून मागे सोडताना घ्या आणि वर आणताना सोडा. हर्निया, सरकलेली चकती किंवा वाढलेला रक्तदाब असेल, किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन वाढवायचं ते शेवटची फेरीही पहिलीइतकीच निवांत जमू लागल्यावर.