उसाच्या रानाखालचा पाइप

शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यात उन्हाळ्यात फिरलं की एखाद्या बांधावर वळ्यावळ्यांच्या, बारीक छिद्रांच्या पाइपची भेंडोळी पडलेली दिसतात. क्षारपड, म्हणजे मीठ साठून नापीक झालेल्या रानातलं साचलेलं पाणी बाहेर काढायला ती जमिनीखाली पुरायची असतात. तंत्र नवं म्हणून सांगितलं जातं, पण दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि दुष्काळी बारामतीत ऊस उभा राहिला. आलेलं पाणी पुढे जाणार कुठे, याचा हिशेब राहून गेला. काळी माती पाणी सोडत नाही. जमिनीतलं पाणी वर चढतं, त्याची वाफ होते, मीठ तेवढं मागं राहतं. एका पिढीच्या आत सखल रानं पांढरी पडली. विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणून उसाला एक तृतीयांश क्षेत्राची मर्यादा घातली. पाटाच्या पाण्याला शिस्त आली, साचलेल्याला वाट मात्र नव्हतीच. १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनाच्या अशा प्रश्नांसाठी खास विभाग काढला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली, हे फारसं कुणी सांगत नाही. अभियंता क्लॉड इंग्लिस यांनी याच काळात दख्खनच्या कालव्यांवरच्या पाणथळ जमिनींचा अभ्यास केला. उपाय होता खोल उघड्या चराचा. चर काळ्या मातीतच थांबला तर शेजारचं पाणीही धड ओढत नाही. मुरमाला लागला की पाझर सुरू.

कृष्णाकाठी हीच गोष्ट उपसा योजना आणि सहकारी साखर कारखान्यांच्या काळात पुन्हा घडली. रान चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारं झालं, बांधावर मीठ फुटलं. उघडा चर जागा खातो, ढासळतो, तणानं भरतो. आणि गुंठ्यागुंठ्याचा हिशेब असलेला माणूस तो बुजवतो. तिथे जमिनीखालचा पाइप पटला. युरोपात भाजलेल्या मातीच्या नळ्या फार आधीपासून होत्या, प्लॅस्टिकनं काम हलकं केलं. आपल्याकडे १९६९ साली कर्नालला क्षारपड जमिनींसाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था निघाली.

पाइप साधारण तीन-चार फूट खोल, मुख्य नळीकडे किंचित उतार देऊन टाकतात. वरून कापडी गाळणी असते, नाहीतर माती आत शिरते. मातीतलं मीठ धुण्याचं काम पाऊस करतो. चोपण जमिनीला आधी जिप्सम लागतं, नुसतं पाणी काढून भागत नाही. त्यानंतरची देखभाल म्हणजे चेंबरमधला गाळ काढणं, मुळांवर नजर ठेवणं आणि पाणी बाहेर पडतं ते तोंड मोकळं ठेवणं.

खरी अडचण त्या तोंडाची. ते ओढ्यात काढायचं, आणि ओढा चार जणांच्या रानापलीकडे. म्हणून एकट्यानं पाइप टाकून अनेकदा भागत नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी गटानं उतरले, तेव्हा कामाला वेग आला. ओढाच गाळानं वर आला असेल तर पावसाळ्यात तेच पाणी पाइपातून उलटं रानात येतं. मग पंप लावायचा, आणि विजेचं बिल कुणी भरायचं यावरून बैठक.