दिलेला अधिकार परत घेताना

डेटाबेसमध्ये कुणाला अधिकार द्यायचा तर एका ओळीत काम भागतं. पगाराच्या टेबलाचा मालक 'अ' आहे असं धरू. त्याने 'ग्रँट सिलेक्ट ऑन पगार टू ब' अशी आज्ञा दिली की 'ब'ला ते टेबल वाचता येतं. आकडा बदलायचा किंवा ओळ उडवायची तर अपडेट आणि डिलीट हे अधिकार वेगळे लागतात. दिलेलं काढून घ्यायला रिव्होक आहेच.

पण ग्रँटच्या शेवटी 'विथ ग्रँट ऑप्शन' जोडलं की 'ब' तोच अधिकार पुढे 'क'ला देऊ शकतो, 'क' आणखी कुणाला. आता 'अ'ने 'ब'चा अधिकार काढला, तर पुढच्यांचं काय?

आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' हा रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवणारा, डेटाबेस घडत होता, तेव्हा हाच प्रश्न पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांच्यासमोर होता. 1976 साली त्यांनी उत्तर मांडलं : रिव्होकनंतर सगळं असं दिसलं पाहिजे, जणू तो अधिकार कधी दिलाच नव्हता.

ऐकायला सोपं, पण यात एक पेच आहे. 'अ'ने 'ब'ला दहा वाजता अधिकार दिला, 'ब'ने 'क'ला अकराला, आणि 'क'ने तोच उलट 'ब'ला बाराला. आता 'अ'ने आपला अधिकार काढला तरी 'ब'कडे 'क'ने दिलेला आहे, 'क'कडे 'ब'ने दिलेला. दोघं एकमेकांच्या आधाराने उभे, खाली जमीनच नाही! म्हणून प्रत्येक ग्रँटची वेळ नोंदवायची. 'ब'कडे उरलेला अधिकार बाराचा, त्याने 'क'ला दिला तो अकराला. म्हणजे हातात नसलेलं दिलं. ते रद्द, आणि मग 'क'ने दिलेलंही रद्द. मला ही युक्ती फार देखणी वाटते. तिच्यातही एक उणीव होतीच : एकाने दुसऱ्याला तोच अधिकार पुन्हा दिला तर त्याची वेगळी नोंद राहत नसे, त्यामुळे हक्काच्या माणसाचाही अधिकार जाऊ शकत होता. संशोधक रोनाल्ड फेगिन यांनी 1978 मध्ये ती दुरुस्त केली.

आज प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा वेगळी. पोस्टग्रेस असं वर्तुळ होऊच देत नाही. ज्याच्याकडून अधिकार आला त्यालाच तो ग्रँट ऑप्शनसह परत देऊ गेलात तर सरळ नकार मिळतो. 'ब'ने पुढे अधिकार वाटले असतील तर साधं रिव्होकही अडतं, सोबत 'कॅस्केड' लिहिलं तरच सगळी साखळी तुटते. मायएसक्यूएल मात्र साखळीच्या मागे जात नाही. 'ब'चा अधिकार गेला तरी 'क'चा तसाच राहतो आणि तो वेगळा काढावा लागतो.

आणखी एक खाचखळगा 'पब्लिक'चा. वाचायचा अधिकार सगळ्यांनाच, म्हणजे पब्लिकला, दिलेला असेल तर पोस्टग्रेसमध्ये एकट्या 'ब'वर रिव्होक चालवून काहीच साधत नाही. आज्ञा बिनतक्रार चालते, पडद्यावर 'रिव्होक' असं उमटतं, आणि 'ब' पगार वाचतच राहतो.