काठ बरोबर, साल चुकलं

ऐतिहासिक मालिकेत नऊवारीचा काठ, समईची घडण, पगडीचा पीळ यांवर कुणीतरी रात्री जागवतं. समलिंगी पात्र आलं की मात्र ते आजच्यासारखं बोलतं आणि आजच्यासारखंच घाबरतं. चूक नेमकी कुठे होते ते पाहायला एक प्रयोग करू. गोष्ट नागपुरातच ठेवायची, फक्त साल पुढे सरकवायचं.

साल १८५०. महाल या जुन्या वस्तीतला वाडा, गादीवर तिसरे रघूजी भोसले, आणि एकमेकांवर जीव जडलेले दोन पुरुष. इथे शिपायांनी कलम वाचून दाखवलं तर प्रसंग तिथेच फसला, कारण ते कलम जन्मालाच आलेलं नाही. भीती दाखवायची तर घरच्यांची, जातीची, ठरलेल्या लग्नाची. रघूजी १८५३च्या डिसेंबरात वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं आणि १ जानेवारी १८६२ पासून इंग्रजांचं दंडविधान लागू झालं. त्यातलं कलम ३७७ म्हणजे जन्मभर काळं पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, दोघांची संमती असली तरी. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली. तिथे साच्यावर उभे राहणारे दोन कामगार वाड्यातल्या त्या दोघांपेक्षा वेगळ्या देशात राहतात, अंतर दोन-तीन किलोमीटरचंच असलं तरी.

पटकथाकार इथे आणखी एकदा घसरतात. हे कलम विशिष्ट शरीरसंबंधाला होतं. मिठीला, पत्राला किंवा प्रेमाला नव्हतं. १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने खैराती नावाच्या आरोपीची शिक्षा रद्द केली ती याच मुद्द्यावर. कृत्य कधी, कुठे, कुणाबरोबर घडलं, यातलं काहीच सरकारपक्षाला सांगता आलं नव्हतं. तेव्हा मिठी मारताच बेड्या पडतात हा प्रसंग कायद्यात बसत नाही. शिपायाने धमकावून पैसे उकळणं मात्र चपखल बसतं.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. १८८५च्या कायद्यात पुरुषांमधलं ‘घोर असभ्य वर्तन’ एवढेच मोघम शब्द होते आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची. मोघम कायद्याला पुरावाही मोघम चालतो, त्यामुळे जुनी प्रेमपत्रं म्हणजे खंडणीखोरांचं भांडवल झालं. ‘डाउनटन ॲबी’च्या १९१२ सालच्या पहिल्या भागात ड्यूक नोकराकडची आपली पत्रं शोधून जाळतो. अख्ख्या मालिकेतला हा सगळ्यात खरा क्षण. पुढे मालकच पोलीस प्रकरण अलगद मिटवून टाकतात, ते आजच्या प्रेक्षकाला बरं वाटावं म्हणून असावं.

स्त्रियांना तो कायदा लागूच नव्हता. १९२१ साली तसा प्रयत्न झाला, पण उमरावांच्या सभागृहाने तो फेटाळला. ज्या बायकांना असं काही असतं हे ठाऊक नाही, त्यांना आपणच कशाला सांगा, हा त्यामागचा एक युक्तिवाद! म्हणून स्त्रीपात्राची कोंडी तुरुंगाने होत नाही, ती लग्नाने आणि इस्टेटीने होते. ‘जंटलमन जॅक’ या मालिकेला हे नीट कळलंय, कारण हाताशी तिच्या खऱ्या नायिकेचे अस्सल कागद होते. हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डेन हॉलची मालकीण ॲन लिस्टर (१७९१–१८४०) हिची रोजनिशी सुमारे पन्नास लाख शब्दांची असून तिचा साधारण सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं आणि गणिती चिन्हांच्या सांकेतिक लिपीत आहे. घराण्यातला जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल यांनी ती फोडली. दोन चिन्हं ‘एच’ आणि ‘ई’ असावीत असा त्यांचा कयास होता. मग एका चिठोऱ्यावर ‘देव हीच माझी…’ अशा अर्थाच्या शब्दांपुढे चार चिन्हं दिसली. शब्द ‘होप’ असणार! चार अक्षरं हाती आली, बाकीची लिपी भराभर उलगडली. मजकूर वाचून बरेलने सगळं जाळायला सांगितलं. जॉनने वह्या भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे लपवल्या.

दोघी एका अंथरुणात दिसल्या की कॅमेरा सूचकपणे थांबतो, तेही फसवं. त्या काळी तिकडे पाहुणीबरोबर एका पलंगावर झोपणं सर्रास चाले. आपल्याकडे वाड्याच्या माजघरात सगळ्या बायका ओळीने झोपत. एकांत मिळणं नवरा-बायकोलाच अवघड. सूचना द्यायची तर दुसरीकडे द्या: मोडलेलं स्थळ, जपून ठेवलेली चिठ्ठी.

आणि शब्द. समलैंगिकतेसाठी आज जगभर चालणारी युरोपीय संज्ञा कार्ल मारिया केर्टबेनीने १८६९ साली छापली. आपला ‘समलिंगी’ त्याहून बराच अलीकडचा. मिलमधला कामगार फार तर ‘तो माह्या जिवाचा हाय’ म्हणेल.

आता प्रयोगाचा शेवटचा टप्पा, २००९ नंतरचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या खाजगी, संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळलं. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा मोकळीक दिली. नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर बसलेले दोघे, तोच तलाव, तेच कपडे; पण प्रसंग २०१३च्या नोव्हेंबरातला की जानेवारी २०१४चा, हे पटकथेच्या पहिल्या ओळीत लिहावं लागेल.