बिकिनीचे नारळ आणि पालाशाचं पोतं

माती परीक्षणाचा कागद हातात आला की करवीर-शिरोळकडचा ऊस उत्पादक आधी तीन आकडे बघतो : नत्र, स्फुरद, पालाश. यातला पालाश, म्हणजे पोटॅशियम, अणुचाचण्यांनी नासलेल्या जमिनीवरही उपयोगी पडला, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर २३ चाचण्या केल्या. त्यासाठी मार्च १९४६ मध्येच तिथल्या १६७ जणांना घरं सोडायला लावली होती. १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी परतायला हरकत नाही असं जाहीर केलं. नारळ लावले, काही कुटुंबं आलीही. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उठवावं लागलं, कारण त्यांच्या शरीरात सीझियम-१३७ हा स्फोटांतून आलेला किरणोत्सारी पदार्थ वाढत चालला होता.

जमिनीवर उभ्या माणसाला बाहेरून किती किरणं लागतील, हे मोजलं होतं. ताटात काय येईल, याचा हिशेब मात्र कमी पडला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच. सीझियम आणि पोटॅशियम रासायनिकदृष्ट्या एकाच कुळातले. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते, पण बिकिनीवरच्या प्रवाळाच्या वाळूत चिकणमाती नाही आणि पालाशही जेमतेम. मग भुकेली मुळं सीझियमच ओढून घेतात आणि ते नारळात उतरतं. ते निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात.

वरची माती खरवडून काढणं हा एक उपाय. शेजारच्या एनेवेटाकवर १९७७ ते १९८० दरम्यान दूषित माती आणि राडारोडा रुनिट बेटावरच्या एका स्फोटाच्या खड्ड्यात भरून वर काँक्रीटचा घुमट बांधला. खड्ड्याच्या तळाला मात्र अस्तर नाही. शिवाय वरचा थर गेला की जमिनीचा कसही जातो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून बिकिनीवर पोटॅशियमचं खत घालून पाहिलं, आणि नारळातलं सीझियम खूपच घटलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १९९८ च्या अहवालानेही याच खताची शिफारस केली.

जाता जाता एक : पोटॅशियम स्वतःही किंचित किरणोत्सारी असतं. पालाशाच्या पोत्याजवळ गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) नेला तर ठोके थोडे वाढतात. त्यात भिण्यासारखं काही नाही, पण सर्वेक्षणात नैसर्गिक किरणोत्सार आधी मोजून वजा करतात तो यासाठीच.

ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगाचा, म्हणजे ब्रिटिशांच्या अणुचाचण्यांच्या जागेचा, प्रश्न वेगळा होता. तिथे धोका प्लुटोनियमचा, म्हणजे मुळांपेक्षा श्वासातून जाणाऱ्या धुळीचा. ब्रिटिशांनी १९६७ मध्ये ती जमीन नांगरून विषय मिटवला. १९८४ च्या पाहणीत दूषित तुकडे पुन्हा सापडले, आणि नांगरटीमुळे पुढची सफाई जास्तच अवघड झाली. नव्वदच्या दशकातल्या सफाईआधी मूळ रहिवासी कसे राहतात, धुळीत कसे बसतात-झोपतात, हे धरून हिशेब केला. बिकिनीवर हेच आधी करायला हवं होतं.

खताने सीझियम मातीतून जात नाही, फक्त फळात कमी येतं. त्यामुळे ते पुन्हा पुन्हा घालावं लागतं. बिकिनीकरांची पुढची पिढी आजही किली, एजित अशा दुसऱ्याच बेटांवर राहते.